झांझिबारला जाताय? बॅग भरायच्या आधी हे वाचा

पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाचे फोटो बघून बॅग भरली की काय होतं माहितीये, फोटोत फक्त पांढरी वाळू आणि निळं पाणी असतं, त्यामुळे बॅगेत पण फक्त शॉर्ट्स, स्विमसूट, स्लीव्हलेस ड्रेस आणि गॉगल एवढंच जातं. पण बीचचा पट्टा संपला की लगेच मागे गाव सुरू होतं, शाळेत जाणारी हिजाबातली मुलं, मशीद, विहीर, घराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. तिथले जवळजवळ सगळेच लोक मुस्लिम आहेत, ९९ टक्क्यांच्या आसपास. हॉटेल त्यांच्या गावात आहे, गाव हॉटेलच्या आवारात नाही, हे डोक्यात ठेवून बॅग भरली की निम्मे प्रश्न सुटतात.

आणि माझं म्हणणं असं आहे की सैल, पातळ आणि अंग झाकणारे कपडे न्यायचे ते फक्त तिथल्या लोकांचा मान राखायला म्हणून नाही. तो मान तर ठेवायचाच. पण झांझिबार विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंश दक्षिणेला आहे, ऊन डोक्यावर असतं, डास आहेत, बोटीवर खारा वारा आहे, आणि या सगळ्याला जो कपडा चालतो तोच गावात पण चालतो. म्हणजे "बीचचे कपडे" आणि "मर्यादेचे कपडे" असे दोन ढीग करायची गरजच नाहीये, एकच ढीग नीट निवडा.

तर कपडे. साधा हिशोब असा की स्टोन टाउनमध्ये (झांझिबार शहराचा जुना भाग), बाजारात, गावातून जाताना, डालाडालात (तिथली शेअर गाडी) बसताना खांदे झाकलेले हवेत आणि खाली गुडघे झाकलेले हवेत, आणि हे बायकांना आहे तसंच पुरुषांना पण आहे. पुरुष मंडळी याच्याकडे फार दुर्लक्ष करतात, बनियन घालून किंवा उघड्या अंगाने बीचवरून सरळ दुकानात शिरतात, ते तिथे खरंच वाईट दिसतं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने अंगभर कपडे न घालता फिरणाऱ्या पर्यटकांना दंड करायचं जाहीर केलं होतं, पण दंडाची गोष्ट सोडा, समोरची बाई नजर दुसरीकडे वळवते तेव्हा आपल्यालाच कसंतरी होतं. पर्यटक बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. बीचवर आणि हॉटेलच्या पूलवर स्विमसूट, बिकिनी चालते, टॉपलेस मात्र कुठेच नाही.

आपल्या कपाटात यातलं बरंचसं आधीच असतं. गुडघ्यापर्यंतचे पातळ सुती कुर्ते, पलाझो किंवा सैल सलवार, एकदोन ओढण्या, झालं. नुसत्या टाइट लेगिंगवर आखूड टॉप नको, लेगिंग असेल तर वर लांब कुर्ता हवा. पुरुषांना हाफ शर्ट, पातळ लिननच्या किंवा सुती पॅंट आणि गुडघ्याच्या खाली जाणाऱ्या थ्री-फोर्थ. जीन्स नेऊ नका, मी अगदी ठामपणे सांगते, तिथल्या दमट हवेत जीन्स एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि वजन पण खाते. पांढरे पातळ कपडे घेताना एकदा हात आत घालून उजेडात धरून बघा, हाताची बोटं आरपार दिसत असली तर तो कुर्ता घामाने किंवा पाण्याने भिजल्यावर काहीच झाकणार नाही. फिकट आकाशी, पिवळा, बारीक छापाचा कपडा बरा पडतो, छापात घामाचे डाग पण कमी दिसतात.

मिलिटरी छापाचे कपडे, टोपी, बॅग काहीही नेऊ नका. टांझानियात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदेशीर आहे, आणि झांझिबार हा टांझानियाचाच भाग आहे. मुलांच्या कपड्यांत असा छाप हमखास असतो, तेवढं तपासा.

किती जोड? पाच-सहा दिवसांच्या ट्रिपला वरचे चार, खालचे तीन भरपूर होतात, कारण रोज रात्री धुवून टाकायचे. त्यासाठी कपडे वाळत घालायची पातळ नायलॉनची दोरी आणि सातआठ चिमटे घ्या. पूर्व किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी थोडं खारट लागतं, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, त्यामुळे कंडिशनरची लहान बाटली घ्या, ती चैन नाहीये.

पोहायला काय घालायचं हा प्रश्न बायका सगळ्यात जास्त विचारतात. माझं मत फुल बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाला बसणारा टी-शर्ट) आणि खाली गुडघ्यापर्यंतची स्विम लेगिंग. स्नॉर्केलिंग करताना आपण तासभर पालथे पाण्यावर तरंगत असतो, पाठ, मानेचा मागचा भाग आणि गुडघ्यामागची पोटरी अशी काही भाजते की रात्री पाठीवर झोपता येत नाही, आणि पाण्यात असल्यामुळे तेव्हा काही कळतच नाही. रॅश गार्ड असला की सनस्क्रीन फक्त चेहरा, हात, पाय एवढ्यालाच लागतं, म्हणजे बाटली पण पुरते आणि समुद्रात रसायन पण कमी जातं. म्नेम्बा बेटाच्या भोवती किंवा चुंबे बेटाजवळ जे प्रवाळ बघायला आपण जातो त्याचा विचार करून झिंक ऑक्साइडवालं मिनरल सनस्क्रीन घेतलं तर फारच चांगलं. एसपीएफ ५० घ्या आणि घरूनच घ्या, तिथे रिसॉर्टच्या दुकानात महाग मिळतं.

आता भरती-ओहोटी, कारण हिच्यावर पायात काय घालायचं ते ठरतं. पाजे, जांबियानी, ब्वेजू, मातेम्वे ही सगळी गावं पूर्व किनाऱ्यावर, आणि तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीत चार मीटरपर्यंत फरक पडतो. किनारा उथळ असल्यामुळे ओहोटीला समुद्र पार लांब निघून जातो, बऱ्याच ठिकाणी किलोमीटरभर, आणि मागे राहतात डबकी, शेवाळ, प्रवाळाचे तुकडे आणि काळे लांब काट्यांचे समुद्री अर्चिन. याच उथळ पाण्यात गावातल्या बायका दोऱ्यांना बांधून समुद्री शेवाळाची शेती करतात, ती बघायला चालत जायचं असेल तर जाड रबरी तळव्याचे वॉटर शूज पाहिजेतच. पायातून सहज निघणारी चप्पल घालून गेलात तर चिखलात चप्पल राहील आणि पाय पुढे जाईल. अर्चिनचा काटा आत तुटतो, म्हणून टोकदार चिमटा औषधाच्या पाऊचमध्ये ठेवा. उत्तरेला नुंग्वी, केंद्वाला ओहोटीचा इतका त्रास नाही, तिथे बराच वेळ पोहता येतं, पण वॉटर शूज तरी न्याच.

बाकी पायात दोनच जोड पुरे. एक सहज काढता-घालता येणारी सॅंडल, कारण कुणाच्या घरात गेलं की चप्पल बाहेर. आणि एक बंद बूट, तो प्रवासात घालूनच जायचा, मग जोझानीच्या जंगलात लाल कोलोबस माकडं बघायला गेलात की उपयोगी येतो.

मशिदीबद्दल थोडं. तिथल्या बहुतेक मशिदी प्रार्थनेसाठी आहेत, बघायला जायची जागा नाही. दक्षिणेला किझिमकाझीला एक फार जुनी मशीद आहे, तिच्यावरचा शिलालेख सन ११०७ चा आहे, तिथे परवानगी घेऊन, अंगभर कपडे घालून जाता येतं. बायकांनी यासाठी ओढणी जवळ ठेवावी. स्टोन टाउनमध्ये राहणार असाल तर गल्लोगल्ली मशिदी आहेत, पहाटेची अजान सगळीकडून एकदमच सुरू होते, ऐकायला सुंदर असते, पण झोप हलकी असेल आणि आदल्या दिवशी लांबचा प्रवास झाला असेल तर इअरप्लग जवळ असू दे.

ओढणीवरून आठवलं, एक जागा बॅगेत रिकामी ठेवा, कारण तिथे गेल्यावर कांगा घ्यायचाच. हे तिथल्या बायकांचं सुती, मोठ्या काठाचं, रंगीत कापड, काठाच्या वर मधोमध एक स्वाहिली वाक्य छापलेलं असतं. जोडीने विकतात, दोन कांगे एकाच लांब कापडात, न कापलेले. दाराजानी बाजाराच्या आसपास घेतला तर तिथल्याच शिंप्याकडे कापून कडा दुमडून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच सुतं निघायला लागतात. मग एक कमरेला आणि एक खांद्यावर, बीचवरून थेट गावात जाता येतं. अंथरायला होतो, अंग पुसायला होतो, बोटीवर डोक्याला गुंडाळता येतो. पुरुषांसाठी विणलेला किकोई मिळतो. त्यामुळे बीच टॉवेल, सारॉंग, स्टोल असलं घरून काहीच नेऊ नका, एक साधा पंचा न्या, तो तासाभरात वाळतो.

हां, आणि सेफ्टी पिना. डझनभर. जून ते सप्टेंबर दक्षिणेकडून कुसी वारा वाहतो, पाजेला काइटसर्फिंगवाले त्याच्यासाठीच येतात, आणि त्या वाऱ्यात कमरेला नुसती गाठ मारलेलं कापड टिकत नाही. गाठीखाली एक पिन आणि मांडीच्या उंचीवर एक पिन, एवढं केलं की निवांत चालता येतं.

हवामानाप्रमाणे थोडा फरक करायचा. मार्च ते मे मोठा पाऊस, त्याला तिथे मासिका म्हणतात, एप्रिलमध्ये तर बरीच हॉटेलंच बंद असतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास छोटा पाऊस, वुली, येतो आणि जातो. पावसात छत्रीपेक्षा पातळ पॉंचो बरा. जून ते ऑगस्ट संध्याकाळी वाऱ्यामुळे थोडं गार वाटतं, एक पातळ फुल बाह्यांचा शर्ट त्याला पुरतो, स्वेटर नको. डिसेंबर ते मार्च कडक उकाडा, तेव्हा कपडे एकदोन जास्त घ्या कारण दिवसातून दोनदा बदलावे लागतात.

डास. झांझिबारमध्ये मलेरिया पुष्कळ कमी झालाय पण संपलेला नाही, आणि डेंग्यू पण आहे. मलेरियाचे डास रात्री चावतात, डेंग्यूचे दिवसा, म्हणजे सुट्टी कधीच नाही. जायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा आणि मलेरियाची प्रतिबंधक गोळी घ्यायची का, कोणती घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. त्यात डॉक्सीसायक्लिन लिहून दिली तर एक लक्षात ठेवा, तिच्यामुळे त्वचा उन्हाला जास्त भाजते, मग लांब बाह्या आणि टोपी अजूनच महत्त्वाची. डीट किंवा पिकारिडिनवालं रिपेलंट घ्या. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून रिपेलंट, उलटं नाही. संध्याकाळी पायघोळ सलवार आणि मोजे घातले की घोट्याला चावत नाहीत, टेबलाखाली ते घोटेच शोधतात.

औषधांचं पाऊच स्वतंत्र करा आणि हॅंडबॅगेत ठेवा. ओआरएसची पाकिटं भरपूर, जुलाबाची गोळी, तापाची गोळी, ॲलर्जीची गोळी, ॲंटिसेप्टिक क्रीम, बॅंडेज, बोट लागत असेल तर उलटीची गोळी. रोजची औषधं असतील तर मूळ पाकिटातच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सॅनिटरी पॅड स्टोन टाउनमध्ये मिळतात पण टॅम्पॉन किंवा तुमच्या सवयीचा ब्रॅंड मिळेलच असं नाही, गावात तर नाहीच, घरून न्या. नळाचं पाणी प्यायचं नाही, त्यामुळे फिल्टरवाली बाटली असेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या विकत घेणं वाचतं.

प्लॅस्टिकचं निघालंच आहे तर, टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि झांझिबारने तर त्याच्याही आधीच घातलेली. चपला, ओले कपडे, खाऊ, कशासाठीही प्लॅस्टिक पिशवी बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेऊ शकतात. विमानतळावरच्या दुकानातली पिशवी पण उतरायच्या आधी टाकून द्या. साबण-शॅम्पूची झिपलॉक चालते, कारण ती आपल्याबरोबरच परत येते. बाकी सगळ्याला कापडी पिशव्या, आणि ओल्या कपड्यांना एक ड्राय बॅग. ड्राय बॅग तशीही लागतेच, कारण चांगू म्हणजे प्रिझन आयलंडला मोठी कासवं बघायला जा की फुंबाहून ढाऊने (तिथली शिडाची होडी) फिरायला जा, बऱ्याचदा धक्का नसतो, गुडघाभर पाण्यात उतरून बोटीत चढावं लागतं, फोन आणि पासपोर्ट डोक्यावर धरून. त्या दिवशी वर दुमडता येईल अशी सैल पॅंट घाला.

विजेचं. प्लग तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा, व्होल्टेज २३०. ॲडॅप्टर दोन घ्या, एक हमखास हॉटेलच्या भिंतीत राहून जातो. बेटाची वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलने येते, २००९ च्या डिसेंबरपासून तीनेक महिने तर अख्खं बेट अंधारात होतं. आता तशी परिस्थिती नाही पण दिवे जातात, गावातल्या वाटांवर दिवे नसतातच, म्हणून पॉवर बॅंक आणि छोटी टॉर्च. पॉवर बॅंक केबिन बॅगेतच. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि ती परवानगी आधीच काढावी लागते, त्यापेक्षा घरीच ठेवा. फोटो काढताना, विशेषतः बायकांचे, आधी विचारायचं आणि नाही म्हणाल्या तर कॅमेरा खाली.

बॅग शक्यतो सॉफ्ट आणि पाठीवर घेता येणारी. स्टोन टाउनच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी आत जात नाही, टॅक्सी बाहेर सोडते आणि पुढे खडबडीत दगडांवरून सामान घेऊन चालायचं. आधी मुख्य भूमीवर सफारी करून छोट्या विमानाने येणार असाल तर तिथे बहुतेक १५ किलोची मर्यादा असते, हॅंडबॅग धरून, आणि कडक सूटकेस घेतच नाहीत. विमानात जे घालून बसाल त्यातच थेट गावातून जाल, म्हणून प्रवासाचे कपडे पण खांदे-गुडघे झाकणारे.

रमजानमध्ये जात असाल तर बॅग थोडी बदलते. २०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल, चंद्रावर एखादा दिवस पुढेमागे, आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात दिवसा बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात आणि रस्त्यावर, गाडीत, लोकांसमोर खाणं, पाणी पिणं, सिगारेट ओढणं हे करायचं नाही. म्हणून सुका खाऊ घ्या, खोलीत बसून खाता येईल असा, लहान मुलं बरोबर असतील तर जरा जास्तच. बाहेर पडायच्या आधी खोलीतच भरपूर पाणी पिऊन घ्या. कपड्यांत पण या महिन्यात अजून थोडं जपायचं, घोट्यापर्यंत असलेलं बरं. संध्याकाळी रोजा सुटला की स्टोन टाउनच्या फोरोधानी बागेत जा, खाण्याच्या गाड्या लागतात, सगळी घरंच्या घरं बाहेर पडलेली असतात, तिथे चांगला कुर्ता घालून जायला मस्त वाटतं.

कागद आणि पैसे. पासपोर्ट सहा महिने तरी वैध, ई-व्हिसाची प्रिंट, परतीचं तिकीट. १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला तिथल्याच सरकारी कंपनीचा विमा घ्यावा लागतो, ४४ डॉलर, ऑनलाइन आधीच काढता येतो. आपला नेहमीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असला तरी हा लागतोच, त्याची प्रिंट पण बरोबर. दार-ए-सलामहून फेरीने येणार असाल तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, झांझिबारला उतरल्यावर परत तपासतात. स्कूटर चालवायची असेल तर लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट न्या, आणि तिथला स्थानिक परवाना लागतो का ते गाडी देणाऱ्याला विचारून घ्या. चलन टांझानियन शिलिंग. एटीएम स्टोन टाउनमध्ये आहेत, बीचच्या गावांत कमी, आणि छोट्या दुकानात, डालाडालात १०,००० च्या नोटेचे सुटे मिळायला वेळ लागतो, म्हणून १,००० आणि २,००० च्या नोटांचं वेगळं छोटं पाकीट करा. डॉलर नेणार असाल तर नवीन छपाईच्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या नोटा, जुन्या कुणी घेत नाही.

येताना शंख, शिंपले, प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू आणू नका, बाहेर न्यायला बंदी आहे, किनाऱ्यावर स्वतः वेचलेले असले तरी. मसाले आणा, लवंग, वेलची, दालचिनी, सगळं नीट पाकीटबंद असलेलं. आणि येता-जाता विमान नैरोबी किंवा आदिस अबाबाहून असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम नीट बघून ठेवा, या देशांतून आलेल्यांकडे कार्ड मागतात, टांझानियात शिरताना पण आणि भारतात परत येताना पण. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी कार्ड वैध धरत नाहीत. ते पिवळं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा.